कॉम्प्युटरवरचा रेडिओ मध्येच थांबतो: तपासायला कुठून सुरुवात करायची

"अगं, रेडिओ लागत नाहीये." ठाण्यात पाचपाखाडीच्या आमच्या सोसायटीतून आणि नेरूळच्या मावशीकडून मिळून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता उठून जायच्या आधी मी एकच विचारते: नक्की काय होतंय ते सांगा. 'लागत नाही' म्हणजे निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. घाईत सगळंच बदललं, तर रेडिओ सुरू झाला तरी कशाने झाला ते कळत नाही. मग पंधरा दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध.

ट्रान्झिस्टर लावा, असं या लोकांना सांगून उपयोग नसतो. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला आहे. पण सिमेंट-सळयांच्या इमारतीत, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि लिफ्टची मोटर यांच्या मधोमध ती खरखरीशिवाय ऐकू येणं अवघड झालंय. ज्यांची सकाळ रेडिओशिवाय सुरू होत नाही, त्यांच्यासाठी घरातला जुना डेस्कटॉप हाच आता रेडिओ आहे. तो बंद पडला की घर सुनं होतं, हे मी मावशीकडे डोळ्यांनी पाहिलंय.

आधी लक्षण ओळखा

पहिलं लक्षण: पान उघडतं, प्ले दाबलं की गोल चक्र फिरत राहतं आणि आवाज येतच नाही.

दुसरं: रेडिओ छान सुरू होतो, पण दोन-पाच मिनिटांनी अडकतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा अडकतो. सगळ्यात जास्त फोन याचेच येतात.

तिसरं: पडद्यावर रेडिओ चालू दिसतो, सेकंद पुढे सरकतात, पण स्पीकर गप्प.

चौथं: पानच उघडत नाही, किंवा 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' अशी सूचना येते.

पाचवं: रात्री चालू होता, सकाळी प्ले दाबलं तर हूं की चूं नाही.

आणखी एक गोष्ट लोक बिघाड म्हणून सांगतात, पण तो बिघाड नसतो. मावशी बातम्यांच्या आधीच्या 'पीप पीप'वर भिंतीवरचं घड्याळ लावते. कॉम्प्युटरवर ते ठोके अर्ध्या मिनिटाने उशिरा पडतात. इंटरनेटवरून प्रसारण पाठवताना त्याचे काही सेकंदांचे तुकडे करतात, आणि दोन-तीन तुकडे हाताशी आल्याशिवाय प्लेअर वाजवायला सुरुवात करत नाही. हा उशीर तिथलाच. तो काढता येत नाही. घड्याळ मोबाइलवरून लावावं.

पैसे भरायच्या आधी हे वाचा

अडकणारा रेडिओ पाहिला की घरातला कुणीतरी म्हणतो, "प्लॅन वाढवून घेऊ." नका घेऊ. चांगल्या दर्जाच्या रेडिओ प्रवाहाला, म्हणजे इंटरनेटवरून सतत येणाऱ्या आवाजाला, सेकंदाला १२८ किलोबिट लागतात. तुमचा प्लॅन ४० एमबीपीएसचा असेल, तर तो या गरजेच्या तीनशेहून अधिक पट आहे. हिशेब करून बघा: १२८ किलोबिटने तासाला साधारण ५८ एमबी होतात. दिवसाला दीड जीबीचा मोबाइल पॅक असेल, तर चोवीस तास रेडिओ लावून ठेवला तरी तो पुरतो.

म्हणजे वेग कमी पडत नाही, खंड पडतो. उद्या पाणी येणार नाही असं कळलं की आपण पिंप भरून ठेवतो. प्लेअरही तसाच काही सेकंदांचा आवाज साठवून ठेवतो. पुरवठा दोन सेकंद तुटला तरी साठ्यावर भागतं, पंधरा सेकंद तुटला की पिंप कोरडं पडतं आणि चक्र फिरायला लागतं. वेग मोजणारी साइट पंधरा-वीस सेकंदांची सरासरी दाखवते, त्यात हे खड्डे दिसत नाहीत. म्हणूनच 'स्पीड टेस्ट तर चांगली येते' हे वाक्य मी बाजूला ठेवते. पुढच्या सगळ्या तपासण्या हा खंड नक्की कुठे पडतोय, ते शोधण्यासाठी आहेत.

फुकटात आणि पाच मिनिटांत होणाऱ्या तपासण्या

सगळ्यात आधी दुसरं स्टेशन लावा. मग तेच मूळचं स्टेशन मोबाइलवर लावा, पण वायफाय बंद करून, मोबाइलच्या डेटावर. दुसरं स्टेशन चालतंय आणि हे मोबाइलवरही चालत नाही, तर बिघाड स्टेशनच्या सर्व्हरकडे आहे. तुमच्या घरात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही, तासाभराने बघा. ही तपासणी मी कधीही टाळत नाही. एकदा टाळली होती आणि शेजारच्या काकांच्या घरी दीड तास राउटरशी झटत बसले. स्टेशन आपोआप सुरू झालं तेव्हा उलगडा झाला.

तिसरं लक्षण असेल, म्हणजे चालू दिसतो पण आवाज नाही, तर इंटरनेटला हात लावू नका. ब्राउझरच्या टॅबवर स्पीकरचं चित्र खोडलेलं दिसतंय का बघा, तो टॅब म्यूट आहे. मग स्पीकरचा स्वतःचा दिवा आणि मागची हिरव्या भोकातली पिन. झाडू मारताना ती अर्धी बाहेर येते. त्यानंतर खाली उजव्या कोपऱ्यातल्या आवाजाच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठे पाठवला जातोय ते पाहा. मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडलेला असेल, तर विंडोज कधीकधी अपडेटनंतर आवाज मॉनिटरकडे वळवतं, आणि मॉनिटरला स्पीकर नसतोच. ब्लूटूथ हेडफोन कपाटात चालू राहिला असेल तरी हेच होतं, आवाज कपाटात वाजत असतो.

पाचव्या लक्षणाला पान पुन्हा लोड करणं एवढाच उपाय आहे. थेट प्रसारण हे रेकॉर्डिंग नाही. रात्री थांबवलेला धागा सर्व्हरने केव्हाच सोडून दिलेला असतो, सकाळी प्ले दाबून तो जोडला जात नाही. कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबा. पान उघडल्या उघडल्या आवाज आपोआप येत नाही अशी तक्रार असेल, तर तीही खोटी तक्रार नाही: क्रोमने २०१८ पासून, तुम्ही स्वतः पानावर काही दाबल्याशिवाय आवाज सुरू करणं बंद केलंय. माउसने एकदा प्ले दाबायचं.

तारीख बघा, मनापासून सांगते

चौथ्या लक्षणात निम्म्या वेळा दोष कॉम्प्युटरच्या घड्याळाचा निघाला आहे, आणि हे कुणाच्या लक्षातच येत नाही. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच चालतं. कॉम्प्युटर स्वतःला दहा वर्षं मागे समजत असेल, तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. मग तो दार उघडत नाही.

तारीख मागे का जाते? मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. मेन स्विच चालू असेल तर घड्याळ भिंतीतल्या विजेवर चालतं. आपल्याकडे रात्री झोपताना बोर्डावरचं बटण बंद करायची चांगली सवय असते, तेव्हा रात्रभर घड्याळ त्या सेलवर असतं. काही वर्षांनी सेल संपतो आणि प्रत्येक सकाळी तारीख जुनी होते. मावशीच्या कॉम्प्युटरला अगदी हेच झालं होतं. ती रोज तारीख दुरुस्त करायची आणि रेडिओ लावायची, आठ महिने. मी गेले, सेल बदलला, विषय संपला.

आधी फक्त तारीख-वेळ दुरुस्त करून बघा. टाइम झोनच्या यादीत 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' असं एकत्र लिहिलेलं असतं, तोच निवडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे गेली तर सेल. डेस्कटॉपचा सेल मेन बंद करून, वायर काढून कुणीही बदलू शकतं. लॅपटॉपचा मात्र दुकानातूनच बदला, तो खोल बसवलेला असतो आणि बऱ्याचदा वायरने जोडलेला असतो.

राउटर: बंद-चालू करणं वेगळं, रिसेट वेगळं

राउटर महिनोन्महिने चालू राहिला की त्याच्या मेमरीत जुन्या जोडण्यांचा गाळ साठतो. बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केला की तो साफ होतो. फायबरचा डबा (नेटवाल्याची केबल घरात ज्यात येते तो) आणि राउटर वेगळे असतील, तर आधी फायबरचा डबा चालू करा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मग राउटर. पण मागे टाचणीने दाबायचं बारीक बटण असतं, त्याला हात लावू नका. त्याने नेटवाल्याने भरलेलं नाव आणि पासवर्ड पुसले जातात आणि अख्ख्या घराचं इंटरनेट जातं.

रेडिओ थांबतो त्याच क्षणी राउटरकडे बघायची सवय लावा. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा पेटत असतील, तर राउटर स्वतःच बंद-चालू होतोय. शेजारच्या काकांकडे दुपारी हमखास असं व्हायचं. टीव्हीच्या मागे, हवा नसलेल्या जागेत अॅडॅप्टर हात लावू नये इतका तापलेला होता. उष्णतेने अॅडॅप्टर म्हातारा होतो, व्होल्टेज धरत नाही. नवा आणला आणि थांबलं. नवा घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिन तशीच.

पिंग: हीच खरी परीक्षा

दुसऱ्या लक्षणासाठी, म्हणजे अडकत अडकत चालणाऱ्या रेडिओसाठी, यापेक्षा चांगलं साधन घरात नाही आणि ते फुकट आहे. पिंग म्हणजे कॉम्प्युटरने एखाद्या पत्त्याला पुन्हा पुन्हा हाक मारायची आणि उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते बघायचं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा. उत्तरात 'डिफॉल्ट गेटवे'समोर राउटरचा पत्ता दिसतो, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारा. आता पिंग (ping) लिहा, जागा सोडून तो पत्ता, पुन्हा जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून टी. सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत. दुसरी खिडकी उघडून तसंच पिंग बाहेरच्या पत्त्याला लावा: ८.८.८.८, हा गूगलचा आहे. दोन्ही शेजारी ठेवा, रेडिओ लावा आणि वाट बघा.

रेडिओ अडकला की दोन्ही खिडक्या वाचा. राउटरच्या खिडकीतच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतंय किंवा एरवी चार-पाच असणारा आकडा पाचशे-हजारावर जातोय, तर खंड घरातच पडतोय: वायफाय, वायर किंवा राउटर. राउटरची खिडकी स्वच्छ आणि फक्त बाहेरची तुटतेय, तर घराबाहेर: नेटवाल्याची लाइन. दोन्ही स्वच्छ आणि तरी रेडिओ अडकतोय, तर ब्राउझर किंवा स्टेशन. शंभरात एखाददुसरं उत्तर चुकलं तर सोडून द्या, सलग पाच-दहा चुकणं महत्त्वाचं. कंट्रोल आणि सी दाबलं की पिंग थांबतं आणि खाली किती हरवले याचा आकडा येतो. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे लागतो.

बाहेरचं पिंग छान चालतंय पण कुठलीच साइट उघडत नाही, असंही होतं. नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणजे डीएनएस, तेवढी अडलेली असते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरा.

खंड घरात असेल तर

नेरूळच्या सिडकोच्या घरात राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत आणि मधल्या भिंतीला लागून मावशीचं लोखंडी कपाट. लोखंडातून वायफाय जात नाही. ते वळसा घालून, भिंतींवर आपटत पोचायचं, आणि कुणी दारात उभं राहिलं तरी तुटायचं. राउटर कपाटाच्या उंचीच्या वर, भिंतीवर टांगला आणि फरक त्याच संध्याकाळी कळला.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीकडे वेगळं दुखणं होतं. तिच्या वायफायच्या यादीत शेजाऱ्यांची तीसेक नावं दिसत होती. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. सगळ्या मजल्यांचे राउटर त्या तीन गल्ल्यांत गर्दी करतात, म्हणून संध्याकाळी सगळे घरी आले की रेडिओ अडकायचा. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात काम करतो, तो चालू असतानाच रेडिओ थांबत असेल तर कारण शोधायला नको. कॉम्प्युटर ५ गिगाहर्ट्झचं नाव पकडू शकत असेल तर तिकडे जा. मात्र ते भिंतीतून कमी जातं, दोन खोल्या पलीकडे टिकत नाही.

माझं प्रामाणिक मत विचाराल, तर डेस्कटॉपला वायफाय देऊच नका. तो हलत नाही, मग त्याला बिनवायरीचं कशाला? राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत पंधरा मीटरची तयार लॅन केबल दाराच्या चौकटीच्या कडेने नेली की दुसरं लक्षण बहुतेक घरांतून कायमचं जातं. केबल लावल्यावर 'टिक' असा आवाज आला पाहिजे. टोकाची प्लास्टिकची जीभ तुटली असेल, तर ती केबल अर्धी बाहेर सरकत राहणार, टाकून द्या.

पिंग स्वच्छ असेल तर ब्राउझर

तेच पान ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडा. तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, एरवी बंद असतात. तिथे रेडिओ चालला, तर जाहिराती अडवणारं एखादं एक्स्टेन्शन प्रवाहही अडवतंय. एकेक बंद करून शोधा.

जुन्या बुकमार्कवर भरवसा ठेवू नका. फ्लॅश या जुन्या तंत्रावर चालणारे प्लेअर जानेवारी २०२१ पासून बंद आहेत, इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. विंडोज ७ वर क्रोम १०९ नंतर पुढे सरकत नाही. यात दुरुस्ती नसते, पत्ता नवा शोधायचा. आकाशवाणीच्या वाहिन्या प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअरवर आहेत.

काही छोटी स्टेशनं अजून साध्या, म्हणजे सुरक्षित नसलेल्या एचटीटीपी पत्त्यावरून, बऱ्याचदा ८००० क्रमांकाच्या पोर्टवरून (सर्व्हरच्या दारावरून) प्रसारण करतात. सुरक्षित पानाच्या आतून असा प्रवाह ब्राउझर अडवतो. व्हीएलसी हा फुकट प्लेअर तो वाजवतो: कंट्रोल आणि एन दाबून प्रवाहाचा पत्ता चिकटवा. तिथेच जादा पर्यायांत साठवणीचा आकडा १००० मिलिसेकंद असतो, तो ५००० केला की पिंप मोठं होतं आणि बारीकसारीक खंड ऐकू येत नाहीत. लाइन दुरुस्त होईपर्यंतची सोय म्हणून हे चांगलं आहे.

ऐरोलीच्या कंपन्यांत काम करणारी मुलं घरी आणलेल्या ऑफिसच्या लॅपटॉपवर रेडिओ लावतात आणि तो चालत नाही म्हणतात. कंपनीचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी वाट) आणि फायरवॉल (नको ते अडवणारा पहारेकरी) असे पोर्ट मुद्दाम बंद ठेवतात. त्यात फेरफार करू नका, घरचं यंत्र वापरा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला, म्हणजे प्रकाश घरापर्यंत येतच नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली असेल किंवा घरात वायर कुठे घडी पडली असेल. काच आहे ती, ओढू नका, टोक उघडून त्यात डोळा तर अजिबात लावू नका. आतला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

अॅडॅप्टरला किंवा सीपीयूच्या डब्याला जळका वास आला, डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन बंद करा. झिणझिण्यांना आधी इलेक्ट्रिशियन, अर्थिंग बघायला. सीपीयूच्या आतली पॉवर सप्लायची पेटी घरी उघडायची नाही, वायर काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली असते. वळवाच्या पावसात वीज कडाडल्यानंतर लॅनचा दिवा पेटतच नसेल, तर केबल लावायचं भोक गेलंय, दुकानात न्या. गच्चीवरून तांब्याची केबल येत असेल, तर ढग जमताना ती आधीच काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नका.

मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका. बिलावर किंवा नेटवाल्याच्या अॅपवर असेल तोच लावा. फोनवरचा माणूस तुमचा पडदा दुरून ताब्यात घेणारं अॅप टाकायला सांगत असेल, तर फोन ठेवा. रेडिओसाठी त्याची कुणालाही गरज पडत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर कळवा.

नेटवाल्याला 'रेडिओ अडकतो' असं सांगितलंत, तर तो स्पीड टेस्ट दाखवून जाईल. त्याला पिंगचे दोन फोटो दाखवा, राउटरचा आणि बाहेरचा, एकाच वेळी काढलेले, लॅन केबलवर काढलेले. मग त्याला लाइन तपासावीच लागते. तो घरात असताना फायबरच्या डब्यात येणाऱ्या प्रकाशाचा आकडा विचारा. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेला असेल तर जोड खराब आहे. आणि काम झालं म्हणाला की लगेच सही करू नका. रेडिओ लावा, चहा ठेवा, पंधरा मिनिटं सलग वाजू द्या.